पोटावरची पिशवी, पाच वक्तांची नमाज आणि सोललेली कातडी

माझ्या मामूंच्या घरी फजरच्या अजानआधी पाऊण तास न्हाणीघराचा दिवा लागायचा. आधी बादलीत पाणी पडल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग दात आवळून दाबलेलं एक कण्हणं. मुमानी बाहेर टॉवेल घेऊन उभ्या राहायच्या. आत यायला त्यांना मनाई होती.

मामूंना आतड्याचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लहान आतड्याचं टोक पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढलं. या तोंडाला स्टोमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘तोंड’. त्याच्याभोवती कातडीला चिकटणारी एक प्लेट बसवतात आणि तिला पिशवी लावतात. मळ त्या पिशवीत जमा होतो. मोठ्या आतड्याचं तोंड काढलं तर ती कोलोस्टॉमी, लहान आतड्याचं काढलं तर इलिऑस्टॉमी, आणि लघवीसाठी असा मार्ग केला तर युरोस्टॉमी. माणूस जगतो, कामावर जातो, शेतही करतो. मामू मात्र तीन महिन्यांत घरातच बसून राहिले. कारण कॅन्सर नव्हता. स्टोमाभोवतीची कातडी हाताच्या पंजाएवढी लाल, ओली आणि सोललेली झाली होती.

ती सोलली होती ती अस्वच्छतेने नव्हे, अतिस्वच्छतेने. मामूंचं म्हणणं साधं होतं: अंगाला नापाकी लागलेली असताना मुसल्ल्यावर उभं कसं राहायचं? म्हणून प्रत्येक नमाजआधी ते प्लेटच्या कडा उचलायचे, आतून पुसायचे आणि चिकटपट्टीने परत दाबायचे. दिवसातून दोनदा तर अख्खी प्लेटच काढायचे. साबण लावायचे, जंतुनाशक घातलेल्या पाण्याने घासायचे. वर खोबरेल तेलही लावायचे, कारण जळजळ थांबायला हवी ना.

प्लेट काढताना दर वेळी तिच्यासोबत कातडीचा वरचा पातळ थर निघतो. तीन-चार दिवसांनी एकदा काढली तर कातडी तो थर भरून काढते. दिवसातून दोनदा काढली तर तिला सवडच मिळत नाही. साबणाचा थर राहिला की किंवा तेल लागलं की नवी प्लेट नीट चिकटत नाही. मग खालून मळ झिरपतो. लहान आतड्याच्या पातळ मळात अन्न पचवणारे रस असतात. त्यांना पोळीतलं पीठ काय आणि माणसाची कातडी काय, सारखंच. काही तासांत कातडी जळते. ओल्या कातडीवर पुढची प्लेट आणखी कमी टिकते, पुन्हा गळती, पुन्हा धुणं. मामू याच फेऱ्यात अडकले होते आणि प्रत्येक फेरीत त्यांना वाटायचं, आपण तहारतीत कमी पडतोय.

हा फेरा तोडायला आम्हाला दोन माणसं लागली, एक स्टोमाचं काम जाणणारी नर्स आणि एक मुफ्तीसाहेब.

नर्सने आधी प्लेटचं छिद्र मोजलं. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत आकसतो. मामूंच्या घरी मात्र पहिल्या आठवड्यात दवाखान्यातून मिळालेल्या मापानेच प्लेटा कापल्या जात होत्या. स्टोमा आणि छिद्र यांच्यात बोटभर उघडी कातडी राहत होती आणि मळ थेट तिच्यावर पडत होता. छिद्र स्टोमापेक्षा फक्त दोन ते तीन मिलिमीटर मोठं हवं. त्याहून मोठं असेल तर कातडी जळते, आणि फार घट्ट असेल तर कडा स्टोमाला घासते. पिशव्यांच्या खोक्यात वर्तुळांचा मोजपट्टीचा कागद येतो. नसेल तर पारदर्शक प्लास्टिक स्टोमावर धरून पेनाने बाह्यरेषा काढा. पहिले दोन महिने दर आठवड्याला मोजा. नंतर पोट सुटलं किंवा वजन उतरलं तर पुन्हा मोजा.

मग तिने धुण्याची रीत बदलली. साधं कोमट पाणी, मऊ सुती कापड, बस. साबण वापरायचाच तर तेल-सुगंध नसलेला, आणि तो पूर्ण धुऊन काढायचा. डेटॉल नाही, स्पिरिट नाही, हळद नाही, अत्तर नाही, बाळाची पावडर नाही. बाजारातल्या ओल्या पुसण्यांनी कातडीवर तेलकट थर राहतो, म्हणून त्याही नाहीत. प्लेट ओढून काढायची नाही. एका हाताने कातडी दाबून धरायची आणि वरून खाली हळूहळू सोडवायची. मग कातडी टिपून कोरडी करायची, घासायची नाही. स्टोमाला पुसताना थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, तो नाजूक असतो. त्याला स्पर्शाची वेदनाही नसते. दुखते ती बाजूची कातडी.

ओल्या, सोललेल्या जागेवर स्टोमा पावडर येते. ती पातळ भुरभुरायची, ओल शोषली की जास्तीची झटकून टाकायची आणि मगच प्लेट लावायची. ढीग ठेवला तर प्लेट चिकटणारच नाही. कातडीच्या घडीत किंवा खड्ड्यात गळती होत असेल तर स्टोमा पेस्ट किंवा मऊ रिंग भरतात. प्लेट लावण्याआधी दोन तळव्यांत धरून मिनिटभर गरम करा आणि लावल्यावर वर हात ठेवून थोडा वेळ बसा. ऊब मिळाली की ती चांगली धरते. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा, कारण वजनाने प्लेट खेचली जाते. प्लेट तीन ते पाच दिवसांनी बदला, पण खाली खाज किंवा जळजळ जाणवली की त्याच तासाला. ती गळतीची पहिली खूण असते. बदलायला सकाळी काही खाण्याआधीची वेळ सर्वांत शांत, तेव्हा आतडं कमी वाहतं. मामूंची फजरआधीची वेळ तेवढी बरोबर होती.

या पावडरीची एक गोष्ट मला फार आवडते. कांडोळ नावाचं पांढऱ्या सालीचं झाड आपल्या सातपुड्याच्या डोंगरांत आणि विदर्भाच्या जंगलांत वाढतं. सालीला चीर पाडली की त्यातून डिंक येतो, त्याला कराया म्हणतात. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीच्या कातडीला वाचवायला हाच डिंक वापरला. त्याच दवाखान्यात १९५८ मध्ये त्यांनी नॉर्मा गिल या बाईंना रुग्णांना शिकवण्यासाठी नेमलं. त्यांना स्वतःला इलिऑस्टॉमी होती. स्टोमा नर्सचं शिक्षण तिथून सुरू झालं. (म्हणून घरातला डिंक कुटून लावू नका. औषधी पावडर वेगळी, शुद्ध केलेली असते.) आजच्या प्लेटांत बहुधा पेक्टिन, सेल्युलोजचा एक प्रकार आणि काहींत जिलेटिन असतं. जिलेटिन कशाचं, ही शंका ज्यांना आहे त्यांनी कंपनीला विचारावं. जिलेटिन नसलेल्या प्लेटाही मिळतात.

आता मुफ्तीसाहेब. मामू त्यांच्याकडे जायला तयार नव्हते, लाज वाटत होती. शेवटी मी पिशवी आणि कोरी प्लेट घेऊन गेलो आणि ती त्यांच्यासमोर ठेवली. आलिमांना विचारायला जाताल तर सामान सोबत न्या. प्लेट काढल्याने काय होतं हे दिसल्याशिवाय मसला नीट मांडता येत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं: ज्याच्या अंगातून नापाकी सतत येत राहते, थांबवणं त्याच्या हातात नाही, आणि एका नमाजच्या पूर्ण वक्तात वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळत नाही, तो हनफी फिकहनुसार माजूर. माजूर माणूस वक्त सुरू झाल्यावर एकदा वुजू करतो आणि तो वक्त संपेपर्यंत त्या उज्रामुळे त्याचा वुजू तुटत नाही. पिशवी रिकामी करावी, हात धुवावेत, वुजू करावा. प्लेट उखडून कातडी जखमी करण्याची गरज नाही. कोकणातल्या आपल्या शाफई वाचकांसाठी मसला थोडा वेगळा आहे, तिथे प्रत्येक फर्जसाठी ताजा वुजू असतो. आणि ज्यांच्या कोलोस्टॉमीतून दिवसात ठरावीक वेळीच घट्ट मळ येतो, ते कदाचित माजूरही ठरणार नाहीत. गुस्लचा प्रश्नही असाच आहे. आपापल्या आलिमांना नीट हाल सांगून विचारा.

हे ऐकून मामू बराच वेळ बोलले नाहीत. त्या रात्री इशाला त्यांनी प्लेटला हात लावला नाही.

रमजानबद्दल एवढंच: इलिऑस्टॉमीत पाणी आणि मीठ भराभर बाहेर जातं. आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात रोजा धरायचा की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला सवलत आहे.

उन्हाळ्याचा त्रास कातडीलाही होतो. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) एप्रिल-मेमध्ये घामाने प्लेट लवकर सुटते, तेव्हा ती एक दिवस आधीच बदला. पिशवी आणि पोट यांच्यामध्ये सुती कापडाचं आवरण ठेवा. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या मोहल्ल्यांत एक झाकलेला डबा फक्त यासाठी भरून ठेवा. घामाने लाल चट्टा उठून भोवती बारीक पुळ्या आणि सारखी खाज असेल तर ती बुरशी असू शकते. तिला डॉक्टरांनी दिलेली बुरशीची पावडर लागते. बुरशीचं मलम लावलं तर प्लेट टिकत नाही. केसांच्या मुळाशी फोड येत असतील तर वस्तरा बंद करा, केस कात्रीने कापा. चट्टा अगदी प्लेटच्याच आकाराचा असेल तर त्या कंपनीची प्लेट कातडीला मानवत नसावी, दुसरी मागा.

काही गोष्टींत वाट पाहू नका. स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, रक्त दाबूनही थांबेना, पिशवी कित्येक तास कोरडी राहून पोट फुगलं आणि उलट्या सुरू झाल्या, किंवा जखम खोल होत चालली, तर त्याच दिवशी दवाखाना. शहरात घाटीचा सर्जरी विभाग आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईला टाटा मेमोरियलला जाणाऱ्यांनी तिथल्या स्टोमा क्लिनिकमध्ये जरूर जावं. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईत सत्तरच्या दशकापासून काम करते.

भगिनींना एक सांगायचं आहे. मामूंनी निदान मला दाखवलं. आपल्याकडे अशा कितीतरी बाया असतील ज्या पुरुष डॉक्टरांसमोर पोट उघडायचं नाही म्हणून जखम ओढणीखाली लपवतात. स्टोमाचं काम बहुतेक नर्सच करतात, आणि त्या बहुधा बायाच असतात. तसं स्पष्ट मागा. सासूबाईंना किंवा अम्मीला स्टोमा असेल तर सुनेने, मुलीने प्लेट कापायला शिकून घ्या. आमच्या मुमानींना तीन महिने दाराबाहेर उभं केलं होतं. आता छिद्र त्याच कापतात, आणि मामूंपेक्षा गोल कापतात.

कातडी भरून यायला सोळा-सतरा दिवस लागले. मामू हल्ली जुम्याला मस्जिदीत जातात. निघण्याआधी पिशवी रिकामी करतात, सजद्यात पोट दबतं म्हणून कमरेचा पट्टा लावतात, आणि शेवटच्या सफेत दाराजवळची जागा पकडतात. खिशात एक जादा पिशवी असते. अजून तिची गरज पडलेली नाही.