खेळांतलें पोलादी कवच

चिलखत म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें वस्तुसंग्रहालयांतील कांचेचें कपाट. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत अकबर बादशहाचें कवच आणि ढाल ठेवलेली आहे. तीं पाहून माणूस क्षणभर थबकतो, सोन्याच्या नक्षीची तारीफ करतो आणि पुढच्या दालनाकडे वळतो. असलें ओझें अंगावर घालून कोणी दुपारभर खरोखरच घाव सोसले असतील, हा विचार त्याच्या मनाला फारसा शिवत नाहीं. आज ज्या मंडळींविषयीं मी बोलणार आहें, त्यांना मात्र या विचाराखेरीज दुसरें कांहीं सुचत नाहीं. युरोपांत आणि अमेरिकेंत असे हजारों लोक आहेत कीं, जे आठवडाभर कचेरींत, कारखान्यांत किंवा शाळेंत काम करतात आणि सुटीच्या दिवशीं चौदाव्या-पंधराव्या शतकांतलें कवच स्वतः घडवून, अंगावर चढवून, एकमेकांना मनसोक्त बदडून काढतात.

ही हौस आजकालची आहे असें कोणी समजूं नये. १२७८ सालीं इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें विंडसरच्या उपवनांत असा एक खेळ भरविला होता. त्यासाठीं घेतलेल्या सामानाचा हिशेब आजहि उपलब्ध आहे. त्यांत ३८ योद्ध्यांचीं कवचें आहेत, पण तीं चामड्याचीं. तरवारी आहेत, पण त्या देवमाशाच्या तोंडांतील लवचिक पट्ट्यांच्या व चर्मपत्राच्या, वरून चांदीचा मुलामा दिलेल्या! ज्या काळीं खऱ्या लढाया रोजच्याच होत्या, त्या काळींसुद्धां लढाईचा खेळ हा निराळा मानला जात होता आणि त्याची हत्यारें निराळीं असत, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पुढें १४६० च्या सुमारास आंजूचा राजा रेने यानें अशा खेळांवर एक सचित्र ग्रंथच लिहिला. बोथट तरवार, लांकडी गदा, तोंडावर रुंद जाळी असलेलें शिरस्त्राण, वारा लागावा म्हणून भोकें पाडलेलें छातीचें कवच, अशी सारी व्यवस्था त्यानें सांगितली आहे.

त्यानंतरचा प्रसिद्ध प्रयोग १८३९ सालच्या ऑगस्टमधील, स्कॉटलंडांतला. एग्लिंटनच्या अर्लनें अफाट खर्च करून मध्ययुगीन सामन्यांचा थाट मांडला, लाखभर लोक लोटले, आणि पहिल्याच दिवशीं पावसानें सगळ्यांची दाणादाण उडविली. पोलादी पोषाखांतल्या सरदारांनीं छत्र्या उघडल्या अशी त्या काळीं थट्टा झाली. कवचांची बरीचशी तरतूद लंडनच्या एका व्यापाऱ्याकडून झाली होती. मला या प्रसंगांत पावसापेक्षां हीच गोष्ट अधिक बोधक वाटते. कवच ही बाजारांतून आणून चढविण्याची वस्तु नव्हे, हें कळण्यास आणखी शंभरावर वर्षें जावीं लागलीं.

आजच्या खेळाचे मुख्य प्रवाह दोन. पहिल्याचा उगम कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें, १ मे १९६६ रोजीं, एका घराच्या परसांत झाला. मध्ययुगाच्या अभ्यासाची आवड असलेल्या कांहीं तरुणांनीं तेथें एक लुटुपुटीचा सामना भरविला, आणि त्यांतून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनॅक्रॉनिझम’ ही संस्था उभी राहिली. पेनसिल्व्हेनियांत दर उन्हाळ्यांत भरणाऱ्या तिच्या मेळाव्यास दहा हजारांवर माणसें जमतात. या मंडळींची तरवार वेताची असते, किमान सव्वा इंच जाडीची. आपल्या जुन्या आखाड्यांत फरीगदगा ज्यांनीं खेळला किंवा पाहिला असेल, त्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाहीं. चामड्यानें मढविलेला गदगा आणि हातांतली छोटी फरी यांचीच ही दूरची भावंडें. विशेष असा कीं, घाव पुरेसा जोराचा बसला कीं नाहीं हें पंच सांगत नाहीं, ज्याला तो बसला तोच सांगतो. पायावर लागला तर तो गुडघे टेकून लढतो. डोक्यावर किंवा छातीवर लागला तर ‘मेलों’ म्हणून आडवा होतो. खोटें बोलणाऱ्याची अब्रू चार सामन्यांत जाते.

दुसरा प्रवाह पोलादाचा. त्याचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय सामना २०१० सालीं युक्रेनमधील खोतिनच्या किल्ल्यांत झाला. त्यांत चार देशांचे संघ होते. २०१४ सालीं स्पेनमधील बेल्मोन्ते येथें दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेनें आपली निराळी स्पर्धा सुरू केली. येथें तरवारी, परशु, सारें खऱ्या लोखंडाचें. धार तेवढी बोथट केलेली. भोसकणें निषिद्ध, मानेच्या मागें, गुडघ्याच्या मागें व पावलांवर मारणें निषिद्ध. बाकी घाव पूर्ण ताकदीचा. संघसामन्यांत कुस्तीहि चालते, आणि पायांशिवाय शरीराचा तिसरा भाग जमिनीला टेकला कीं तो गडी बाद. कवचाला मात्र जुना पुरावा लागतो. शिरस्त्राण एका शतकाचें आणि हातमोजे दुसऱ्या शतकाचे असा मेळ परीक्षक खपवून घेत नाहींत.

असा पुरावा मिळतो कोठें? ज्या कवचांचें जतन झालें तीं बहुधा राजेरजवाड्यांचीं. सामान्य शिपाई काय घालीत असे, तें सांगणारें सर्वांत मोठें साधन एका शोकांतिकेनें हातीं दिलें आहे. २७ जुलै १३६१ रोजीं डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार यानें गोटलंड बेटावरील विस्बी शहराच्या तटाबाहेर तेथल्या शेतकऱ्यांची फौज कापून काढली. सुमारें १८०० माणसें पडलीं. ऐन उन्हाळा होता. प्रेतें लौकर पुरणें भाग होतें, म्हणून पुष्कळांना अंगावरच्या कवचासकट खड्ड्यांत लोटण्यांत आलें. १९०५ ते १९३० या काळांत ते खड्डे उकरले गेले, आणि बेंग्ट थोर्डेमान या संशोधकानें १९३९-४० मध्यें त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कापडाच्या किंवा चामड्याच्या अंगरख्यास आंतून लोखंडी पट्ट्या खिळ्यांनीं बसविलेलीं पंचविसांच्या आसपास कवचें त्यांत मिळालीं. हाडांवरील घाव पाहतां पायाच्या नळ्यांवरचे फार आढळले. ढाल आणि अंगरखा जेथें संपतो तेथें तरवार पोंचली होती. आज नवशिका खेळाडू बहुधा याच कवचानें सुरुवात करतो, कारण तें करण्यास भट्टी लागत नाहीं. मऊ पोलादाचा सुमारें दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा कातरावयाचा, कडा घासावयाच्या, किंचित् बाक द्यावयाचा, भोकें पाडून खिळे ठोकावयाचे. बाहेरून दिसतो तो केवळ कापडी डगला. ज्यांच्या मृत्यूमुळें हा नमुना टिकला, त्यांना त्यानें फार वांचविलें नाहीं, हें तो अंगांत घालणाऱ्यानें विसरूं नये.

पण बांधणीचा खरा आरंभ लोखंडापासून होत नाहीं, कापडापासून होतो. प्रथम शिवावा लागतो तो रजईसारखा थरावर थर घालून टांचलेला जाड डगला. पोलाद धार अडवितें; धक्का अडवितो तो हा डगला. शिवाय सारें कवच टांगलें जातें तें त्याच्याच बंदांना. मांडीचें व पायाचें कवच कमरेला आवळलेल्या पट्ट्याला बांधतात, म्हणजे भार कटीच्या हाडांवर येतो. दंडाचें कवच खांद्याजवळच्या नाड्यांना. नवशिका हें सोडून प्रथम चकचकीत छातीमागें लागतो, आणि मग सगळें ओझें खांद्यावर घेऊन अर्ध्या तासांत बसकण मारतो. जाणते कारागीर सांगतात कीं डगला अंगांत घालून मगच माप घ्यावें, आणि पत्र्याला कातर लावण्यापूर्वीं प्रत्येक भाग पुठ्ठ्याचा करून पाहावा. हात तोंडापर्यंत जातो कीं नाहीं, उकिडवें बसतां येतें कीं नाहीं, खांदा वर केला तर कवचाची कड गळ्यांत रुतते कीं काय, हें सारें पुठ्ठा फुकटांत सांगतो.

पत्र्याला आकार देण्याची कला पुण्याच्या तांबट आळींत ज्यांनीं हंडे-घागरी घडतांना पाहिल्या आहेत त्यांना परकी वाटणार नाहीं. लांकडाच्या ओंडक्यांत खळगी करून तींत पत्रा आंतून ठोकला कीं तो पसरतो आणि पातळ होतो. ऐरणीच्या गोल तोंडावर धरून बाहेरून ठोकला कीं तो आवळतो आणि जाड राहतो. गुडघ्याची वाटी पहिल्या रीतीनें पटकन् होते. उंच निमुळतें शिरस्त्राण एकाच पत्र्यांतून काढावयाचें तर दुसरीच रीत हवी, आणि तिला दिवसच्या दिवस लागतात. थंड पत्रा ठोकतां ठोकतां कठीण होतो, न थांबल्यास तडकतो; म्हणून मधून मधून लाल तापवून तो मऊ करावा लागतो. शेवटीं हलक्या हातानें मठारून ठोके बुजवावयाचे. सर्वांत नाजूक काम सांध्यांचें. कोपराची वाटी आणि तिच्या वरखालच्या अरुंद पट्ट्या एकमेकींवर सरकल्या पाहिजेत, पण हात कितीहि वांकला तरी त्यांत फट पडतां कामा नये. खिळ्याचें भोंक पाव इंच इकडचें तिकडे झालें, तर हात कोपरांत अडकतो; आणि अडकलेला हात ज्याच्यासमोर अडकला तो वाट पाहत थांबत नाहीं!

आतां शिरस्त्राणाविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण येथें प्रश्न हौसेचा राहत नाहीं. वेताच्या खेळांत सुद्धां शिरस्त्राणाचा पत्रा १·६ मिलिमीटरपेक्षां पातळ चालत नाहीं, तोंडावरच्या गजांमधून एक इंच जाडीची काठी आंत जातां कामा नये, आणि आंत किमान अर्धा इंच जाडीची गादी हवी, असे नियम आहेत. परंतु नियमांतले आंकडे पाळले म्हणजे डोकें वांचलें असें नाहीं. घाव बसला कीं पोलाद फुटत नाहीं हें खरें, पण डोकें झटक्यानें हलतें, आणि कवटींतला मेंदू मागें राहून तिच्यावर आदळतो. तो धक्का जितका सावकाश पोंचेल तितकें बरें. म्हणून शिरस्त्राण कवटीला कोठेंहि टेकतां कामा नये. तें आंतल्या गादीवर तरंगलें पाहिजे. जुन्या कारागिरांना हें पक्कें ठाऊक होतें. शिरस्त्राणाच्या कडेला ओळीनें भोकें दिसतात, तीं नक्षीसाठीं नव्हेत. लोंकर, केंस किंवा ताग भरून शिवलेलें अस्तर त्यांतून बसवीत. हनुवटीचा पट्टा सैल असेल तर तें अस्तरहि व्यर्थ, कारण मग शिरस्त्राण फिरतें आणि कांठ नाकावर येतो. आणि जड शिरस्त्राण हें या खेळांत दूषण नव्हे. त्याच्या वजनामुळेंच डोक्याला बसणारा हिसका कमी होतो.

बाजारांत शोभेचीं शिरस्त्राणें मुबलक मिळतात. त्यांतलीं पुष्कळ आपल्याच देशांत, डेहराडूनसारख्या ठिकाणीं, परदेशी गिऱ्हाइकांसाठीं घडतात, आणि भिंतीवर टांगण्यास किंवा नाटकांत वापरण्यास तीं उत्तम असतात. तीं घालून पोलादी परशूपुढें उभें राहणें म्हणजे कागदी होडींतून समुद्र ओलांडणें होय. विकणारा आणि विकत घेणारा या दोघांनींहि ‘शोभेचें’ आणि ‘खेळाचें’ हा भेद पहिल्याच वाक्यांत स्पष्ट करून घ्यावा. पोलादी सामन्यांत मेंदूला धक्के बसतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. एकदां डोकें सुन्न झालें, तोल गेला, मळमळलें, तर त्या दिवशीं पुन्हां मैदानांत उतरूं नये, आणि वैद्यांनीं सांगितल्याविना पुढेंहि उतरूं नये. कारण पहिला धक्का बरा होण्यापूर्वीं बसलेला दुसरा अधिक घातक ठरतो. ज्या संघांत असा गडी बाहेर काढणें हें भ्याडपणाचें समजतात, तो संघ सोडावा असें मी म्हणेन.

कवचाच्या भाराविषयीं मात्र उलट दिशेचा गैरसमज आहे. १९४४ सालच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या चित्रपटांत कवचधारी स्वाराला यारीनें उचलून घोड्यावर बसविलें आहे. रणांगणांतल्या स्वाराला असल्या यारीची गरज नव्हती. पंधराव्या शतकांतील लढाईचें संपूर्ण कवच साधारण २० ते २५ किलो भरतें, आणि तें सर्वांगावर वांटलेलें असतें. बूसिको नांवाचा फ्रेंच सेनानी कवच घालून शिडीच्या खालच्या बाजूनें नुसत्या हातांनीं चढत असे, असें त्याच्या चरित्रांत नमूद आहे. तथापि हा भार फुकट वाहिला जात नाहीं. २०११ सालीं लीड्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं कवचधारी माणसांना फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा श्वास मोजला, तेव्हां चालण्यास लागणारी शक्ति दुपटीहून अधिक भरली. कारण मोठें गमतीचें आहे. तितकेंच ओझें पाठीवर असतें तर इतका त्रास नसता. परंतु पायांवरचें लोखंड प्रत्येक पावलाला उचलावें आणि झुलवावें लागतें. शिवाय छातीच्या कवचामुळें दीर्घ श्वास घेतां येत नाहीं, आणि माणूस उथळ, भरभर श्वास घेतो. म्हणून सराव करणारे कवच चढवून प्रथम नुसते चालतात, पायऱ्या चढतात, पडून उठण्याची संवय करतात. तोंडावरची पोलादी झडप खालीं पडल्यावर जगाची एक अरुंद फट उरते आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज सर्वांत मोठा ऐकूं येतो. त्याचीहि संवय लागते. उन्हाळ्यांत पाणी पाजणारा सोबती नसेल, तर उतरूंच नये.

सामना संपला तरी काम संपत नाहीं. घाम हा पोलादाचा पक्का वैरी; रात्रभर तसेंच ठेवलेलें कवच सकाळीं तांबूस झालेलें असतें. पत्रे पुसून तेलाचा हात द्यावा लागतो, डगला उन्हांत वाळवावा लागतो. कड्यांच्या चिलखताची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांत वीस-तीस हजार कड्या, प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली आणि टोंकाशीं बारीक खिळ्यानें बंद केलेली. तें पुसणार कसें? जुन्या काळीं तें वाळूबरोबर पिंपांत घालून गडगडवीत, आणि आजचे हौशीहि तेंच करतात. मग प्रत्येक बंद, बक्कल व खिळा तपासावयाचा. सामन्यापूर्वीं परीक्षक हेंच पुन्हां करतात, आणि ज्याच्या हनुवटीचा पट्टा झिजलेला आढळतो तो त्या दिवशीं कडेला बसतो, व बहुधा दुसऱ्यांचीं कवचें आवळून देण्याचें काम करतो.