प्रतिकृतीवरील चित्र आणि त्याचें प्रामाण्य

जुन्या वास्तूंचीं मोजमापें घेऊन संगणकावर त्यांची घनाकृति उभारण्याची रीति आतां इतिहाससंशोधनांत रूढ झाली आहे. आकृति उभी राहिली म्हणजे तिच्या कोऱ्या पृष्ठांवर दगडाचें, लांकडाचें, कौलांचें छायाचित्र चढवितात व ती हुबेहूब दिसूं लागते. हें चढविणें कसें होतें आणि पुरावा म्हणून त्याची किंमत किती, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्या म्हसळ्यास हा प्रश्न नुसता शास्त्रार्थाचा राहिलेला नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, त्यांत या भागांतील पुष्कळ घरांचीं कौलें उडालीं, व अनेक ठिकाणीं त्यांच्या जागीं पत्रे आले. ज्या घराचें पूर्वरूप यापुढें प्रतिकृतींतच पाहावयाचें, तिच्यावरील चित्र कोठलें हें पाहणारास कळलेंच पाहिजे.

या युक्तीचा उगम एडविन कॅटमल यांच्या १९७४ सालच्या यूटा विद्यापीठांतील प्रबंधांत सांपडतो. तत्त्व सोपें आहे. चित्रावरील प्रत्येक बिंदूचें स्थान आडव्या व उभ्या अशा दोन अंकांनीं सांगतां येतें. पृष्ठाचा कोणता कोपरा कोणत्या बिंदूशीं जुळवावयाचा तें आपण ठरवावें, मधला भाग संगणक त्या प्रमाणांत भरतो. शेजारच्या तळा तालुक्यांतील कुडें लेण्यांतल्या एखाद्या लेखाचा ठसा घ्यावयाचा तर दगडावरचें अक्षर कागदावर येतें. येथें चित्रांतला दगड पुनः भिंतीवर जातो. वेदान्ती यास अध्यास म्हणतील, आणि तें अगदींच थट्टेनें नव्हे.

२००० सालीं निघालेल्या स्केचअप या सॉफ्टवेअरमध्यें हें काम अल्प श्रमानें साधतें. चित्र आंत घेतांना तें 'टेक्श्चर' म्हणून घ्यावें. पृष्ठावर पहिल्या टिचकीनें त्याचा एक कोपरा बसतो, दुसरीनें आकारमान ठरतें. छायाचित्रांत भिंतीची १० फूट लांबी आली असेल तर येथेंहि चित्र १० फुटांचेंच धरावें. न धरल्यास जांभ्याचे चिरे विटांएवढे दिसतात. पुढें 'पोझिशन' ही आज्ञा दिली कीं चार खिळे दिसतात: लाल खिळा चित्र सरकवितो, हिरवा तें फिरवितो व लहानमोठें करितो, निळा तिरकें करितो, आणि पिवळा एक कोपरा ओढून दूरत्वामुळें आलेला निमुळतेपणा काढून टाकतो. आकृति गटांत बांधलेली असल्यास गट उघडून प्रत्यक्ष पृष्ठावरच चित्र चढवावें. बाहेरून साऱ्या गटास रंगविल्यास हे खिळे हातीं लागत नाहींत. वाटोळ्या खांबास 'प्रोजेक्टेड' हा पर्याय घ्यावा, मात्र कडेकडे चित्र ताणलें जातें.

पिवळ्या खिळ्याची शक्ति मर्यादित आहे, व नवशिक्यांचा घात येथेंच होतो. तो एका सपाटींत असलेली वस्तुच सरळ करूं शकतो. भिंतींतून पुढें आलेली तुळई, खिडकीची खोल चौकट, वळचणीचें टोंक हीं त्या सपाटींत नसल्यामुळें वांकडींच राहतात. तीं आकृतींत निराळीं उभारावीं. छायाचित्र भिंतीसमोर काटकोनांत उभें राहून घ्यावें हें उत्तम. ऊन टाळावें, नाहीं तर चित्रांतली सांवली व सॉफ्टवेअरनें पाडलेली सांवली अशा दोन सांवल्या एकाच भिंतीवर परस्परविरुद्ध दिशांस पडतात. आणि श्रावणांतला ओला, शेवाळलेला जांभा व चैत्रांतला कोरडा जांभा यांचा रंग इतका भिन्न असतो कीं चित्राबरोबर तिथि न नोंदविल्यास पुढील वाचक त्या दोन भिंती निरनिराळ्या काळच्या समजेल.

याहून मोठा धोका तयार चित्रांचा. चित्र लहान व पृष्ठ मोठें असल्यास सॉफ्टवेअर तेंच चित्र फरशीप्रमाणें पुनःपुनः मांडतें. आयता 'दगड' उचलून लावला कीं भिंत सुंदर दिसते. परंतु मागाहून बुजविलेलें दार, वाढविलेल्या भिंतीचा सांधा, दुरुस्तीचा चुना, म्हणजे संशोधकास जें पाहावयाचें तेंच नेमकें नाहींसें होतें. आमच्या मतें ही प्रक्षिप्त श्लोक मुळांत बेमालूम घालण्यासारखी गोष्ट आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत संदिग्ध पाठाखालीं नागमोडी रेघ दिलेली असते. वाचक तेथें थबकतो, व त्यासाठींच ती रेघ आहे. सांस्कृतिक वारशाच्या संगणकीय चित्रणासंबंधीं २००९ सालीं सुधारून प्रसिद्ध झालेली लंडन सनद हीच अपेक्षा करिते: पुराव्यानें सिद्ध काय आणि अनुमान काय, हें पाहणारास ओळखतां यावें.

यास्तव म्हसळ्यांतील घरांपुरती आमची सूचना अशी. ज्या भिंतीचें छायाचित्र आहे तिच्यावर त्याच भिंतीचें चढवावें, व चित्राच्या नांवांतच घर, दिशा आणि दिनांक घालावा. ज्या छपराचें चित्र कोणाच्याहि संग्रहीं नाहीं, त्याचा उतार व उंची मापावरून दाखवावी आणि पृष्ठ करडें ठेवावें. एखाद्या घरीं लग्नकार्याच्या जुन्या छायाचित्रांत मंडळींच्या मागें ओटीची भिंत व कौलांची एखादी ओळ आलेली असते. तेवढाच तुकडा कापून त्याच्या जागीं बसवावा, आणि त्यानें उरलेलें छप्पर भरूं नये.