नेमका क्षण

मुलांनो, ईदच्या दिवशी किंवा लग्नात फोटो काढताना आपण काय करतो? नवे कपडे घालून ओळीने उभे राहतो आणि कॅमेऱ्याकडे पाहतो. असे फोटो घरोघरी जपून ठेवतात. पण छायाचित्रांचा आणखी एक प्रकार आहे. त्यात कोणी कोणाला उभे करत नाही, हसायला सांगत नाही. रस्त्यावर, बाजारात, स्टेशनवर माणसे आपापल्या कामात असतात. छायाचित्रकार त्यांना तशीच टिपतो.

फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) हे या कलेतील फार मोठे नाव. त्यांचा कॅमेरा लहान होता. तो चमकून लोकांचे लक्ष जाऊ नये म्हणून ते त्यावर काळी पट्टी चिकटवत. १९४८ साली त्यांनी श्रीनगरला एक छायाचित्र टिपले. टेकडीवर काही मुस्लिम स्त्रिया सकाळी प्रार्थना करीत आहेत. समोर डोंगर आणि ढग आहेत. एकीने हात पुढे पसरले आहेत. दूरचा ढग जणू तिच्या तळहातांवर उतरला आहे! ती दोन पावले हलली असती, तर हे चित्र मिळाले नसते.

रघू राय यांनी १९९५ साली मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर एक छायाचित्र काढले. कॅमेऱ्याचे शटर जास्त वेळ उघडे राहिले, की हलणारी वस्तू पुसट येते आणि स्थिर वस्तू स्पष्ट येते. म्हणून त्या चित्रात धावणारी गर्दी धुरासारखी दिसते, पण शांतपणे वर्तमानपत्र वाचणारी माणसे स्पष्ट दिसतात.

अशी दृश्ये आपल्या भागातही आहेत. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची तार जुळवताना कान लावून ऐकतो. सांगलीच्या बाजारात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाचे हात पिवळे होतात. सातारा जिल्ह्यात चांदोबाचा लिंब येथे पालखीपुढे रिंगण होते. धावत्या घोड्याचा फोटो सगळेच काढतात. पण घोडा गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावणारी आजी किती जणांना दिसते?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत जवान लोकांना नावेतून बाहेर काढत होते. नावेतल्या एका स्त्रीने वाकून जवानांच्या पायांना हात लावला. तिला तसे करायला कोणी सांगितले नव्हते. ते दृश्य कोणीतरी टिपले आणि साऱ्या देशाने पाहिले. हजार शब्दांत मावले नसते, ते त्या एका नमस्कारात होते.

आज मोबाईलमुळे कॅमेरा अनेकांच्या हाती आला आहे. म्हणून एक गोष्ट विसरू नका. कोणी बुडत असेल, पडला असेल, तर आधी हात द्या. फोटोचे नंतर पाहू. कोणी नको म्हणाले, तर फोटो पुसून टाका. कोणाच्या दुःखाची, गरिबीची थट्टा होईल असे चित्र काढू नका. चांगल्या छायाचित्रकाराला तीक्ष्ण नजर लागते, धीर लागतो आणि त्याहून अधिक माणसांविषयी आदर लागतो.

स्वाध्याय
१. कार्तिए-ब्रेसाँ कॅमेऱ्यावर काळी पट्टी का चिकटवत?
२. चर्चगेटच्या छायाचित्रात गर्दी पुसट का दिसते?
३. तुमच्या गावच्या बाजारात दहा मिनिटे थांबा. लक्षात राहिलेले एक दृश्य पाच वाक्यांत लिहा.