रंगरूट ते जवान : दुखरी नडगी

फायरिंग रेंजवर नेतो, असं मागच्या भागात म्हणालो होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण उस्तादांच्या, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांच्या, रगड्यावरचा भाग वाचून मालेगावच्याच एका वाचकांनी विचारलं आहे : "पुतण्या सोळाशे मीटर पाच-दहात मारायचा, बीम बारा काढायचा. ट्रेनिंगला जाऊन दीड महिना झाला आणि आता फोनवर म्हणतो, काका, नडगी दुखते. आमचं तयारीत काय चुकलं?"

तयारी चुकली नाही. ती भरतीची होती, ट्रेनिंगची नव्हती.

अग्निवीर जनरल ड्यूटीच्या मैदानी चाचणीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांत संपवलं की 60 पैकी 60 गुण. दहा बीम (पुल-अप) काढले की 40. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसते पार करायचे. साहजिकच आपल्याकडची सगळी मेहनत त्या साडेपाच मिनिटांभोवती फिरते. पहाटे मालेगावात वाशीम रोडला किंवा अकोला रोडला उभं राहून बघा. हलके बूट, हाफ पँट, मोबाइलवर लावलेलं टायमिंग आणि पायाखाली डांबर. डांबर का, तर रस्त्याच्या कडेची आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला पाय मुरगळतील एवढ्या भेगा पडतात.

हाच पोरगा कामठीला, बेळगावला, सागरला किंवा नाशिक रोडला जातो. तिथे पहाटे पीटी, मग ड्रिल, मग वेपन ट्रेनिंग, संध्याकाळी खेळ आणि मधल्या वेळेत इकडून तिकडे जायचं तेही दौडत. नुसत्या ड्रिलचा हिशोब मांडून बघू. तेज चालीचा ठरलेला वेग मिनिटाला 120 कदम, एक कदम 30 इंचांचा. म्हणजे तासाला 7200 कदम, एका पायाच्या वाट्याला 3600, आणि प्रत्येक वेळी टाच आधी. पायात कडक तळाचे बूट. त्यात 'थम' म्हटलं की पाय उचलून जमिनीवर आपटायचा. सोळाशेच्या तयारीत हा मार नडगीला कधी बसलेलाच नसतो.

आता खरी गोम. मेहनतीला दम लवकर सरावतो. दोन-तीन आठवड्यांत छाती भरून येणं कमी होतं, पोटऱ्या आणि मांड्या घट्ट होतात. पोराला वाटतं, जमलं. हाड मात्र संथ चालतं. नवा भार पडला की शरीर आधी जुन्या हाडाचा काही भाग खरवडून काढतं आणि मग तिथे नवं, जास्त मजबूत हाड भरतं. जुन्या भिंतीची डागडुजी करताना गवंडी आधी सैल विटा काढतो, तसंच. विटा काढल्या आणि नव्या बसायच्या आहेत, अशा वेळी भिंत सगळ्यांत कच्ची असते. हाडाची ही कच्ची वेळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढे येते, आणि नेमकं तेव्हाच ट्रेनिंग वाढत असतं. स्नायू तयार, हाड अर्धवट. भार तसाच चालू राहिला की हाडाला केसाएवढी चीर जाते. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

हे दुखणं अग्निवीरांबरोबर आलेलं नाही. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद करून ठेवली. पडला नाही, मार लागला नाही, तरी शिपाई लंगडतो कसा, हे कोडंच होतं. 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांत अशा पावलांच्या चित्रात मोडलेलं हाड दिसलं. मधली चाळीस वर्षं जे शिपाई लंगडले, त्यांच्यापैकी कितीजण कामचुकार ठरले असतील, याचा विचार मी नेहमी करतो.

प्रत्येक दुखरी नडगी म्हणजे चीर नव्हे. मी मुलांना एक साधी खूण सांगतो. दुखणं नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेलं असेल, अंग गरम झालं की कमी होत असेल, तर बहुधा तो हाडाच्या कडेचा दाह असतो. भार कमी केला की उतरतो. पण एका बोटाने 'इथेच' असं दाखवता येत असेल, त्या पायावर लंगडी घातली की कळ येत असेल, धावताना वाढत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर डॉक्टर गाठायचाच. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेत चीर बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून पळायला मोकळं झालो, असं समजू नये.

उपाय आहेत, आणि ते करून पाहिलेले आहेत. इस्रायलच्या सैन्यात रंगरुटांना किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि चालण्याचं एकूण अंतर घटवलं, तेव्हा अशा चिरा निम्म्याहून कमी झाल्या. ऑस्ट्रेलियात महिला रंगरुटांच्या कमरेच्या हाडाला चिरा जायच्या. कारणांत एक निघालं की बुटक्या मुलींना उंचांच्या कदमाला कदम मिळवायला लांब ढांगा टाकाव्या लागत. कूच करताना ज्याची त्याला ढांग टाकू दिली, वेग उतरवला, मऊ जमिनीवर पळवलं. प्रमाण झपाट्याने घसरलं. शिस्तीत काही उणं पडलं नाही.

ट्रेनिंग सेंटरमधल्या गोष्टी आपल्या हातात नाहीत. निकाल लागल्यापासून हजर होईपर्यंतचे आठवडे मात्र आपलेच असतात, आणि ते बहुतेक घरी सत्कार, पेढे आणि झोपेत जातात. सहा महिने पळालेला पोरगा दीड महिना बसतो आणि थेट रगड्यात पडतो. हे टाळायचं. आठवड्यातले तीन दिवस पळा, पण डांबर सोडून शाळेच्या मैदानावर. दोन दिवस पाठीवर सॅक घेऊन चाला. सॅकमध्ये पाच लिटरचा पाण्याचा कॅन ठेवा. फारच जड झालं तर पाणी ओतून देता येतं. अंतर आणि वजन एकाच आठवड्यात वाढवू नका. टाच कडक असलेले बूट रोज तासभर घालून फिरा. दूध, दही, तीळ पोटात जाऊ द्या आणि रात्री मोबाइल ठेवून झोपा.

शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड. सुट्टीवर आलेला एक मुलगा माझ्यासमोर बसून नडगीवरून अंगठा फिरवत होता. एका जागी आला आणि दचकला. "सर, इथं दुखून राह्यलं, पण तिथं नाही सांगितलं. बॅच मागं पडली तर?" भीती खोटी नाही. ट्रेनिंग बुडालं की मागच्या बॅचमध्ये टाकतात, सोबतची पोरं कसम परेड करून निघून जातात. पण वेळेवर सांगितलेली चीर सहा-आठ आठवड्यांच्या विश्रांतीने सांधते. लपवलेली चीर वाढत जाऊन हाड पूर्ण मोडू शकतं, आणि मग बॅच तर जातेच, पायही जातो.

तेव्हा काका, पुतण्याचा पुढचा फोन आला की "सहन कर, मर्दासारखा राहा" असं म्हणू नका. बोटाने जागा दाखवता येते का, ते विचारा. येत असेल तर त्याच दिवशी उस्तादांना सांगून एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, जा, असं बजावून सांगा. घरच्यांनी परवानगी दिली की पोरं सांगतात, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या आठवड्यात फायरिंग. या वेळी नक्की.