प्रथिने आणि हाडांतील कॅल्शियम : जमा आणि नावे

हिंगोली जिल्ह्यातील आडत दुकानांतून तूर, हरभरा आणि सोयाबीनची पोती रोज तोलली जातात. मात्र ज्या घरांचा हा व्यवसाय, त्याच घरांतील ज्येष्ठांच्या ताटात वरणाची वाटी लहान होत जाते. वयपरत्वे भूक मंदावते, दात साथ देत नाहीत. त्यातच ‘प्रथिने अधिक घेतली तर हाडे झिजतात’ हा समज कानी पडतो. हा समज सर्वस्वी निराधार नाही. परंतु तो अपुरा आहे.

प्रथिनांतील गंधकयुक्त घटकांपासून शरीरात आम्ल तयार होते. ते शमविण्यासाठी हाडांतील क्षार खर्ची पडतात, असा विचार १९६८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. पुढील प्रयोगांतही प्रथिने वाढविली की लघवीवाटे जाणारे कॅल्शियम वाढते, असे वारंवार दिसून आले. ते हाडांतूनच येत असावे, असे गृहीत धरले गेले.

ही झाली केवळ नावेची बाजू. जमेची बाजू २००५ मध्ये स्पष्ट झाली. अमेरिकेतील जेन कर्स्टेटर व सहकाऱ्यांनी १३ स्त्रियांना मध्यम आणि अधिक प्रथिनांचा असे दोन्ही आहार दिले आणि विशिष्ट खूण केलेल्या कॅल्शियमचा माग काढला. प्रथिने वाढताच आतड्यांतून शोषले जाणारे कॅल्शियम सुमारे १९ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले. लघवीतील वाढ बहुतांशी या जादा जमेतूनच आली होती. हाडांची ठेव मोडली गेली नव्हती. उलट, प्रथिने फार कमी पडल्यास शोषण घटते, असेही त्यांच्या आधीच्या अभ्यासात आढळले होते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दररोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. म्हणजे ६० किलो वजनास सुमारे ५० ग्रॅम प्रथिने. ३० ग्रॅम तूरडाळीतून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत हा हिशेब दिवसभरातच पुरा करावा लागतो. प्रत्येक जेवणात दाट वरण किंवा उसळ आणि जोडीला दूध, दही, ताक असल्यास तो साधतो. पेलाभर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. नाचणी आणि तीळही त्यात मोलाची भर घालतात.

खरी गळती अन्यत्रही आहे. पापड-लोणच्यांतून जाणारे जादा मीठ लघवीवाटे कॅल्शियम नेते. सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानाच्या गादीवर बसणाऱ्यास ऊन लाभत नाही. मग ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडते आणि घेतलेले कॅल्शियमही पुरेसे शोषले जात नाही.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. इतरांनी मात्र हाडांच्या भीतीपोटी वरणाची वाटी कमी करू नये. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांचे चालणेफिरणे पूर्ववत होत नाही. ती वाटी भरलेली ठेवण्यास त्या मानाने काहीच खर्च येत नाही.