स्वातंत्र्याचे मोल आणि त्यावरील व्याज

२०१० सालच्या भूकंपामुळे हैती देशाचे नाव आपल्याकडे घरोघर पोहोचले. पुढे तेथील टोळीयुद्धे व उपासमार यांच्या वार्ता वाचून ‘या लोकांस राज्य करता येत नाही’ असा अभिप्राय देणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस वारंवार भेटतात. हाच अभिप्राय एके काळी आपल्याविषयीही दिला जात असे. तेव्हा तो उच्चारण्यापूर्वी त्या देशाची जुनी खातेवही एकवार उघडून पाहणे बरे.

कॅरिबियन समुद्रातील हा मुलूख अठराव्या शतकात फ्रेंचांची सर्वांत किफायतशीर वसाहत होता. युरोपात खपणाऱ्या कॉफीचा निम्म्याहून अधिक भाग तेथून जाई. मळ्यांवर राबत होते सुमारे ५ लक्ष आफ्रिकी गुलाम. १७९१ साली त्यांनी बंड केले, नेपोलियनच्या फौजेसही हटविले आणि १ जानेवारी १८०४ रोजी आपण स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. परंतु त्यांस मान्यता देण्यास कोणी पुढे येईना. अमेरिकेने तर ती १८६२ पर्यंत दिली नाही.

१८२५ साली फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने लढाऊ जहाजांसह आपला दूत धाडला. मान्यता हवी असेल तर मळेवाल्यांच्या नुकसानीबद्दल १५ कोटी फ्रँक ५ हप्त्यांत भरावे, अशी अट होती. हे नुकसान कसले? ज्यांनी चाबूक खाल्ला, त्यांनीच चाबकाच्या धन्यास भरपाई द्यावयाची! पहिला हप्ताच सरकारच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे सहापट होता. तो भरण्यासाठी पॅरिसच्याच पेढ्यांकडून ३ कोटींचे कर्ज काढावे लागले, आणि दलाली वगैरे कापून हाती पडले २ कोटी ४० लक्ष. १८३८ मध्ये उरलेली रक्कम घटवून ६ कोटींवर आणली गेली. तथापि जुने फेडण्यास नवे कर्ज काढण्याचा क्रम थांबला नाही.

आज्याचे कर्ज नातवाने फेडल्याची उदाहरणे आपल्या एकत्र कुटुंबांत पुष्कळ आहेत. पण त्या कर्जातून निदान वाडा तरी उभा राहिलेला असतो. हैतीत शेतकऱ्याच्या कॉफीवर जकात बसे आणि तो पैसा परदेशी जाई. शाळा, रस्ते, पाणी यांसाठी फारसे काही उरत नसे. दादाभाईंनी हिंदुस्थानासंबंधी जो संपत्तीचा ओघ दाखवून दिला, त्याचाच हा सख्खा भाऊ, आणि तोही राजकीय स्वातंत्र्य मिळाल्यानंतरचा. १८८० साली तेथे बँक निघाली. नाव ‘राष्ट्रीय’, मालकी पॅरिसची. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकन नौसैनिकांनी तिच्या तिजोरीतील ५ लक्ष डॉलरांचे सोने न्यूयॉर्कला नेले, आणि १९१५ ते १९३४ देशच ताब्यात ठेवला.

तेथील राज्यकर्ते निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. ज्या अध्यक्ष ब्वायेने ही अट मान्य केली, त्यानेच १८२६ च्या कायद्याने शेतकऱ्यांस जमिनीशी जखडले. पुढे दुव्हालिए पितापुत्रांनी तर राज्य लुटलेच. पण रिकाम्या तिजोरीवर बसलेला राजा आणि भरल्या तिजोरीवरचा राजा यांस एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे.

या खंडणीशी निगडित कर्जांचे अखेरचे देणे १९४७ साली फिटले, असे सामान्यतः मानले जाते. १७ एप्रिल २०२५ रोजी, त्या फर्मानास २०० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रों यांनी उभय देशांच्या इतिहासकारांचे एक मंडळ नेमण्याचे जाहीर केले. त्यांच्या निवेदनात परतफेडीचा आकडा नव्हता.