अंगुष्ठलेखन : वेग आणि शुद्धता

लेखनाचीं साधनें काळानुसार पालटत आलीं आहेत. बोरू गेला, टांक आला. टांक गेला, झरणी आली. पुढें तिच्या जोडीस टंकयंत्र येऊन बसलें. आतां बहुतेक घरीं स्मार्टफोन असून त्याच्या कांचेवर उमटणारा कळफलक हीच पुष्कळांची नित्याची लेखणी झाली आहे. बोरू कसा धरावा हें पंतोजी हात धरून शिकवीत. टंकलेखनाचेहि वर्ग असतात. या नव्या लेखणीचें शिक्षण मात्र सहसा कोणी कोणास देत नाहीं. जो तो आपल्या मतीप्रमाणें कांच बडवीत असतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

टंकयंत्राची कळ उंचवट्याची असते. तिची कड बोटास लागते. त्यामुळेंच १८८८ सालीं अमेरिकेंतील सिन्सिनाटी शहरीं झालेल्या स्पर्धेंत फ्रँक मॅकगुरिन या गृहस्थास कळांकडे न पाहतां टंकलेखन करून विजय मिळवितां आला. कांचेस अशी कड नाहीं. फोन उभा धरला असतां पडदा सुमारें साडेसहा ते सात सेंटिमीटर रुंद भरतो, आणि इंग्रजी कळफलकाच्या वरच्या ओळींत दहा अक्षरें बसवावयाचीं असतात. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास सहा-सात मिलिमीटरच जागा येते. अंगठ्याचें टोंक याहून रुंद! आपलें बोट विजेचें वाहक असल्यामुळें त्याचा स्पर्श होतांच कांचेखालील विद्युत्क्षेत्रांत फरक पडतो, व स्पर्श झालेल्या जागेचा एक बिंदु काढून यंत्र अक्षर ठरवितें. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. जोरानें दाबून कांहींएक लाभ नाहीं. आणि बोटें ओलीं असल्यास यंत्राची फसगत होते.

मग इतक्या अरुंद जागेंत शुद्ध लेखन होतें तरी कसें? यंत्र भाषेचा आधार घेतें. २००७ सालीं बाजारांत आलेल्या आयफोनमध्यें अशी युक्ति होती कीं, जें अक्षर पुढें येण्याचा संभव अधिक, त्याचें स्पर्शक्षेत्र डोळ्यांस न दिसतां मोठें व्हावें. शिवाय लिहिलेला शब्द कोशांतील शब्दांशीं ताडून यंत्र आपण होऊन दुरुस्तीहि करितें.

फिनलंडमधील आल्टो विद्यापीठ, केंब्रिज विद्यापीठ व झुरिक येथील तंत्रविद्यापीठ यांच्या संशोधकांनीं २०१९ सालीं सुमारें ३७,००० लोकांचें फोनवरील लेखन तपासून पाहिलें. सरासरी वेग मिनिटास सुमारें ३६ शब्द भरला. दोन्ही अंगठे वापरणारांचा वेग ३८ होता. दहा ते एकोणीस वर्षांचीं मुलें चाळिशींतील मंडळींपेक्षां मिनिटास सुमारें दहा शब्द पुढें होतीं. आणखी एक मौजेची गोष्ट आढळली : आपोआप होणाऱ्या दुरुस्तीनें वेग वाढतो, परंतु वरच्या पट्टींत सुचविलेले शब्द वाचून निवडीत बसण्यानें तो वाढत नाहीं. वाचण्यांत व ठरविण्यांत वेळ जातो, हें त्याचें कारण.

यावरून अभ्यासाचे नियम सहज निघतात. फोन दोन्ही तळव्यांत धरून डावा अर्धा भाग डाव्या व उजवा अर्धा उजव्या अंगठ्याकडे सोंपवावा. एक अंगठा टेकत असतां दुसरा पुढील अक्षराकडे निघालेला असावा. अंतर थोडें तितका वेळ थोडा. एखादें अक्षर चुकतांच थांबूं नये. शब्द पुरा करावा, मग पाहावें. आपलीं आडनांवें व गांवांचीं नांवें फोनच्या वैयक्तिक कोशांत घालून ठेवावीं, म्हणजे यंत्र तीं बिघडविणार नाहीं. प्रथम शुद्धता साधावी, वेग मागाहून येतो.

मराठी लिहितांना आणखी सावधगिरी हवी. रोमी अक्षरांत उच्चार लिहून देवनागरी रूप मिळविण्याची सोय आहे. परंतु 'वेळ' लिहावयास जावें आणि 'वेल' उमटावी, असें तेथें घडतें. कारण ल आणि ळ, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद रोमी लिपींत नीट उतरत नाहीं. १९९१ सालच्या भारतीय मानकांत समाविष्ट झालेली इन्स्क्रिप्ट मांडणी शिकण्यास प्रथम जड जाते, पण ती पद्धतशीर आहे : स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनें उजवीकडे. क, हलन्ताचें चिन्ह व ष हीं क्रमानें दाबलीं कीं 'क्ष' होतो. ज, हलन्त व ञ यांचा 'ज्ञ' होतो. ज्यानें बाराखडी व जोडाक्षरें मन लावून गिरविलीं, त्यास येथें नवें असें फारसें शिकावें लागत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. माझे आजोबा गांवीं असतात. त्यांस रोमी अक्षरें वाचतां येत नाहींत, म्हणून मी त्यांस देवनागरींतच लिहितों. डॉक्टरांनीं बदललेलें औषध मीं त्यांस घाईघाईनें कळविलें. 'रात्रीं १ गोळी' असें लिहावयाचें, तों अंगठा शेजारच्या कळेवर पडला आणि 'रात्रीं २ गोळी' असें गेलें. यंत्र गप्प राहिलें. कारण दोहोंपैकीं कोणता आंकडा खरा हें त्यास कोठून कळावें? आजोबांनीं मात्र तत्काळ फोन केला. "दोन असत्या तर 'गोळ्या' म्हटलें असतेंस. मग एक कीं दोन?" त्यांचें व्याकरण पक्कें म्हणून निभावलें. त्या दिवसापासून आंकडे, नांवें व 'नको' हा शब्द पुनः वाचल्यावांचून मी कांहींहि धाडीत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, वेग तुमच्या अंगठ्यांत आहे; शुद्धलेखन बहुधा तुमच्या वडीलमंडळींजवळ आहे. रोज दहा मिनिटें एकत्र बसून तुम्हीं आईवडिलांस दोन अंगठ्यांनीं लिहावयास शिकवावें, व त्यांच्याकडून आपलें ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यावें. पत्र धाडण्यास आतां क्षण पुरतो. तें एकवार वाचून पाहण्यास आणखी एकच क्षण लागतो. पलीकडे वाचणारा आपलाच कोणी असतो, हें ध्यानीं असलें म्हणजे तो क्षण जड वाटणार नाहीं.